हॅम्प्टन कोर्ट आणि खुर्चीवर ठेवलेलं ते पत्र

लंडनला मावसबहिणीकडे हाउन्स्लोला उतरले होते, तिथून १११ नंबरची बस थेट हॅम्प्टन कोर्टला, म्हणजे आठव्या हेन्री राजाच्या राजवाड्याला जाते म्हणून पहिला नंबर त्याचा लागला. बरोबर तिची सतरा वर्षांची लेक आणि पिशवीत थालीपिठं, कारण असल्या ठिकाणच्या कॅफेत खायचं नाही असा बहिणीने कानाला खडा लावलाय.

भाचीला फक्त भुताची गॅलरी बघायची होती. आठव्या हेन्रीची पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड म्हणे नजरकैदेतून सुटून राजाला गाठायला इथून किंचाळत पळाली, पहारेकऱ्यांनी तिला ओढत परत नेलं आणि ती अजून पळतेच आहे. इतिहासवाले ही गोष्ट फारशी मानत नाहीत. प्रत्यक्षात तो चित्रं लावलेला लांबलचक बोळ आहे, सगळे मोबाईल वर धरून उभे. भाची दोन मिनिटं थांबली आणि म्हणाली, "मावशी, काहीच होत नाहीये."

मला काटा आला तो पुढे चॅपलमध्ये. निळं छत, त्यावर सोनेरी चांदण्या, राजा वरच्या मजल्यावर वेगळा बसायचा. २ नोव्हेंबर १५४१ ला आर्चबिशप क्रॅनमरने त्याच्या त्या जागेवर एक पत्र ठेवलं, कारण तोंडाने सांगायची कुणाची छाती नव्हती. राणीचं लग्नाआधीचं सगळं त्यात होतं. आई लहानपणीच गेलेली, सावत्र आजीच्या वाड्यात इतर मुलींबरोबर वाढली, गाणंबजावणं शिकवायला आलेला मॅनॉक्स, मग तिचा दुसरा प्रेमी डेरहॅम. मॅनॉक्सबरोबर सापडली तेव्हा आजीने फटके दिले, म्हणजे घरात माहीत होतं, पण राजाने मागणी घातल्यावर सगळे चिडीचूप.

लग्न २८ जुलै १५४० ला, त्याच दिवशी तिकडे राजाचा मंत्री क्रॉमवेल याचं मुंडकं उडवलं. राजा ४९ वर्षांचा, अवाढव्य, पायाला चिघळलेली जखम. हिचं जन्मसाल कुणी नोंदवलेलं नाही, पण वय विशीच्या आतबाहेर. "म्हणजे माझ्यापेक्षा थोडीच मोठी?" भाचीने विचारलं आणि थालीपीठ परत डब्यात ठेवलं.

एकदा चौकशी सुरू झाल्यावर राजाच्याच दरबारातल्या कलपेपरचं लग्नानंतरचं प्रकरण निघालं. उत्तरेच्या दौऱ्यात रात्री चोरून भेटी, राखण करायला राणीची सखी लेडी रॉचफर्ड. राणीने कलपेपरला लिहिलेलं पत्र अजून शिल्लक आहे, आयुष्य असेतो तुझीच, असा त्याचा शेवट. आता हे मूर्खपणाचं होतंच, आतेबहीण ॲन बोलिन, हेन्रीची दुसरी राणी, त्याच राजाच्या हुकमाने पाच वर्षांपूर्वी मेली होती ना! दोघांनीही मर्यादा ओलांडल्याचं नाकारलं, पण कलपेपरने मनात तसं होतं हे कबूल केलं आणि तेवढं पुरलं. १० डिसेंबरला तो आणि डेरहॅम दोघेही संपवले, मुंडकी लंडन ब्रिजवर.

मला सगळ्यात राग येतो तो काकाचा. ड्यूक ऑफ नॉरफक. इंग्रजीत दोघी नुसत्या नीसच, आपल्याकडे नातं नीट कळतं, ॲन भाची आणि कॅथरीन पुतणी. ॲनच्या खटल्यात हा न्यायाधीश म्हणून बसला होता आणि पुतणीच्या वेळी राजाला पत्र लिहून दोघींच्या नावाने बोटं मोडून मोकळा झाला!

दुसऱ्या दिवशी टॉवर ऑफ लंडनला गेलो. कॅथरीनला १० फेब्रुवारी १५४२ ला बोटीने इथे आणलं, लंडन ब्रिजखालूनच. राजाला सगळं परत ऐकायचा त्रास नको म्हणून त्याच्याऐवजी दुसऱ्यांनीच तिला दोषी ठरवणाऱ्या कायद्याला संमती दिली, खटलाही नाही. १३ तारखेला सकाळी तिला मारलं, मागोमाग लेडी रॉचफर्डला. आदल्या रात्री कॅथरीनने मान ठेवायचा ओंडका खोलीत मागवून घेतला, नीट कशी ठेवायची ह्याची प्रॅक्टिस करायला, हे त्या वेळच्या एका राजदूताने लिहिलंय.

टॉवर ग्रीनवर आता काचेची उशी ठेवली आहे, स्मारक म्हणून. पाऊस नुकता थांबला होता, उशीवर थेंब होते. भाची बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मावशी, तो ओंडका एकट्याला उचलत नसेल ना गं? दोघं तरी आले असतील घेऊन."