पांढरी भुकटी

कोल्हापूरकराला दगड म्हणजे काळाच. अंबाबाईचं देऊळ काळ्या दगडाचं, पंचगंगेचा घाट काळ्या दगडाचा, आमच्या जुन्या घराचं जोतंही काळंच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्याचा हा बेसॉल्ट. आम्ही कामात त्याला नुसतं ट्रॅप म्हणतो. मला शोधायचं असतं ते या ट्रॅपच्या पांघरुणाखालचं जुनं खंड: ते कुठे वितळलं, कुठे ताणलं गेलं, कुठे खचलं. आणि पांघरूण सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचं आहे.

त्या वर्षी कागल, गडहिंग्लज, नेसरी, चंदगड अशा रेघेवर आम्ही गुरुत्व मोजत होतो. ठरलेल्या ठिकाणी गाडी थांबवायची, तिपाई रोवायची, गुरुत्वमापीची पातळी साधायची आणि मिनिटभर श्वास रोखल्यासारखं उभं राहायचं. गुरुत्व आम्ही मिलिगल या एककात मोजतो. पृथ्वीचं गुरुत्व साधारण ९,८०,००० मिलिगल, आणि आमची सगळी धडपड एकेका मिलिगलसाठी. ठिकाणाची उंची एक मीटरने चुकली तरी ०.२ मिलिगलचा घोळ होतो. सकाळी कोल्हापुरातल्या ठिय्यावर पहिलं वाचन घ्यायचं आणि रात्री परत येऊन तिथेच शेवटचं, कारण यंत्र दिवसभरात स्वतःहूनही थोडं सरकतं.

नेसरीच्या अलीकडे आमच्या आलेखात एक खळगा पडत होता. तिथे गुरुत्व आजूबाजूपेक्षा काही मिलिगलने कमी भरायचं. खळगा अरुंद होता, म्हणजे कारण उथळ असणार. पस्तीस-चाळीस किलोमीटर खोल असलेल्या कवचाच्या तळामुळे इतका अरुंद खळगा पडत नाही. ट्रॅपखाली काहीतरी हलकं होतं, एवढं नक्की.

माझं उत्तर तयार होतं: ग्रॅनाइट. कोयनेजवळ गोठण्याला वैज्ञानिक अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा सुमारे १,२५० मीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस लागला, म्हणजे ग्रॅनाइट आणि उष्णतेने-दाबाने पट्टे पडलेला त्याचाच भाऊबंद. मध्ये गाळाचा थर नाही. मग इथेही तसंच असेल, फक्त या जागी ग्रॅनाइट जरा जास्त हलका, असं मी धरलं. गणित जुळलं, आलेखावर माझी रेघ मोजलेल्या ठिपक्यांतून सुरेख गेली.

आमच्या चमूतले सर भूविज्ञानाचे. बत्तीस वर्षं हातोडी घेऊन हिंडलेले. त्यांनी माझा आलेख पाहिला आणि विचारलं, "कोयना इथून किती लांब?" शंभराहून जास्त किलोमीटर. "आणि गोकाक?" त्याच्या निम्म्याहूनही कमी. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो क्वार्ट्झाइट, म्हणजे वाळूचा घट्ट झालेला दगड, कलादगीच्या खडकांतला. कलादगी हे उत्तर कर्नाटकातल्या जुन्या गाळाच्या थरांचं नाव. बदामीची लेणी कोरलीत तेही कलादगीतच. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला ट्रॅप विरळ होतो, तिथे हे खडक डोकावतात. सरांचं म्हणणं, कलादगीचं जुनं खोरं ट्रॅपखालून इकडेही सरकलेलं असेल. क्वार्ट्झाइटही बेसॉल्टपेक्षा हलकाच. घनतेत घन सेंटिमीटरला ०.२५ ग्रॅमचा फरक धरला तर १०० मीटर जाडीला साधारण एक मिलिगल पडतो. त्यांचं गणितही माझ्याइतकंच सुरेख जुळत होतं.

एकाच खळग्याला दोन उत्तरं. फरक फक्त दगडाच्या नावाचा असता तर मी एवढी अडून बसले नसते. ग्रॅनाइट असेल तर इथलं कवच खालून वितळलं होतं, कर्नाटकातल्या क्लोजपेट ग्रॅनाइटच्या वेळी, सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, वितळलं तसं. क्वार्ट्झाइट असेल तर त्यानंतर फार उशिरा जमीन खचली, उथळ समुद्र आत आला आणि वाळू साठली. पहिल्या गोष्टीत खंड घडतंय. दुसऱ्या गोष्टीत घडून थंड झालेलं खंड पुन्हा वाकतंय.

त्या दिवशी सकाळी गाडीत आमचा हाच वाद चालला होता. सर म्हणाले, "भूकंपाच्या लहरी खंडाची आजची जाडी सांगतात. तेव्हाची जाडी दगडालाच विचारावी लागते." त्यांनी वज्रकरूरचं उदाहरण दिलं. आंध्रातल्या त्या किंबरलाइटने, म्हणजे फार खोलातून उसळून आलेल्या खडकाने, सुमारे ११० कोटी वर्षांपूर्वी हिरे वर आणले, आणि हिरा टिकायला दीडशे किलोमीटरच्या आसपास खोली लागते. म्हणजे त्या काळी तिथे शिलावरणाचं, कवच आणि त्याखालच्या कडक थराचं, मूळ तितकं खोल होतं. आज ते तेवढंच उरलंय की नाही, यावर लहरींचे अभ्यासक अजून भांडतात. मी गप्प बसले, पटलं नव्हतं तरी.

दुपारी दोनच्या सुमाराला खळग्याच्या बरोबर मध्यावर यंत्र लावलं. वाचन स्थिरच होईना. आकडे नाचत होते. तिपाई हलवली, दगडावर ठेवली, वाऱ्याला आडोसा केला. तिसऱ्यांदा पडद्यावर तीच थरथर आल्यावर सरांनी कान टवकारले. दोन शेतं पलीकडे, उसाच्या आड, बोअरची गाडी धडधडत होती.

यंत्र कधी थांबणार ते विचारायला आम्ही बांधावरून चालत गेलो. माझ्या डोक्यात वाया जाणारी दुपार होती. गाडी तमिळनाडूची, पोरंही तिकडचीच. वीस फुटी रॉड संपला की त्यातला एकजण बोटांनी आकडा दाखवायचा. शेताचे मालक डोक्याला टॉवेल बांधून भोकाकडे बघत बसले होते. आणि भोकातून उडणारी भुकटी पांढरी होती.

मी जागीच थांबले. पाठीमागे पडलेला ढीग काळपट-करडा, त्यावर नुकतीच बसलेली साय पांढरी, जरा गुलाबीकडे झुकणारी. "तेराव्या रॉडपातूर काळा दगड हुता," मालक म्हणाले. "मग ह्यो पांढरा सुरू झाला. गारगोटी लागली म्हंत्यात."

सर केव्हाच गुडघ्यांवर बसले होते. भुकटीतून चार-पाच मिलिमीटरचे तुकडे वेचून त्यांनी तळहातावर पाण्याने धुतले आणि भिंग माझ्या हातात दिलं. स्वतः काही बोलले नाहीत. मी अभ्रक शोधलं, नव्हतं. ग्रॅनाइट असता तर फेल्डस्पारच्या सपाट, चमकणाऱ्या बाजू दिसल्या असत्या, त्याही नव्हत्या. होते ते गोलसर कण, एकमेकांना घट्ट चिकटलेले. वाळू. कुठल्यातरी किनाऱ्यावर घासून गोल झालेली वाळू, मी उभी होते तिथून २६० फूट खाली.

तरी मन मानेना. गारगोटीची एखादी शीर असू शकते, तीही पांढरीच असते. दोन रॉड अजून खाली गेले आणि तसंच निघालं तर थर आहे म्हणता येईल. मी ते मोठ्याने बोलूनही टाकलं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आजही ती नजर विसरलेले नाही. बोअरचा खर्च फुटावर होता. माझी शंका फिटणार ती त्या माणसाच्या पैशांनी.

"ताई, तुमचं मशीन पाणी सांगतंय न्हवं?" मालकांनी विचारलं.

"नाही हो काका. ते फक्त खालचं वजन सांगतं."

"मग ह्या पांढऱ्यात पाणी असतंय का?"

उत्तर सरांनी दिलं, सरळ आणि स्वच्छ. काळा दगड संपून पांढरा लागतो त्या सांध्यात कधी कधी पाणी असतं. तो सांधा मागे पडला, तिथे ओलसुद्धा आली नाही. आता हा दगड अखंड आणि कठीण आहे. भेग लागली तर पाणी, नाहीतर नुसता खर्च. "मी तुमच्या जागी असतो तर थांबलो असतो," ते म्हणाले. आणखी एक रॉड गेला असता तर त्यांचंच म्हणणं पक्कं होणार होतं, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढं घातलंय, अजून दोन बघू." आमच्यासाठी नाही, पाण्यासाठी. चौदावा रॉड तर निम्मा गेलाच होता. तो संपला, पंधरावा गेला, सोळावा गेला. भुकटी पांढरीच राहिली. सोळाव्याच्या शेवटाला जांभळट शेलच्या, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेल्या दगडाच्या, चार पातळ चकत्या आल्या. शिरेत शेल नसतो. थरच होता. कलादगी.

३२० फुटांना काकांनी हात वर केला. गाडी थांबली आणि शिवारात एकदम इतकी शांतता झाली की कानाला दडे बसल्यासारखं वाटलं. पोरं रॉड काढायला लागली. मी पिशव्यांवर खोली लिहून नमुने भरत होते, तर काका स्वतः वाकून मला भुकटी भरू लागले. "घेऊन जावा की, आमाला काय करायची?" माझ्या घशात आवंढा आला. कितीतरी महिने शोधत होते ते मला त्या दुपारी मिळालं होतं, आणि त्यांना काहीच मिळालं नव्हतं.

मग खळग्याच्या मध्यावर परत गेलो. यंत्र पहिल्याच मिनिटाला स्थिर झालं.

कोल्हापूरला पोचायला साडेनऊ वाजले. ठिय्यावर शेवटचं वाचन घेतलं, वही उघडली. खळग्यातल्या त्या ठिकाणासमोर शेऱ्याचा रकाना रिकामा होता. मी लिहिलं: जवळच्या बोअरमध्ये २६० फुटांपर्यंत ट्रॅप, पुढे ३२० पर्यंत कलादगी. पाणी नाही.