गाय नव्हे, लांडगीण : एक रोमन नाणे ओळखताना

नोकरीनिमित्त जर्मनीत राहत असताना मी एका नाणेविक्रेत्याकडून, रीतसर पावती घेऊन, साफ न केलेली दोन रोमन कांस्य नाणी विकत आणली. त्यांतल्या पहिल्याची वाट मीच लावली. आमच्या घरी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासायची रीत, म्हणून तेही मी रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवले. सकाळी मातीबरोबर शतकानुशतके धरलेला हिरवट-तपकिरी थरही निघून गेला आणि, चित्राचा बारकावा त्या थरातच टिकलेला असल्याने, हाती नुसती गुलाबी, खडबडीत चकती उरली.

दुसऱ्याच्या वेळी मी शहाणा झालो. नळाच्या पाण्यातील क्लोराइड कांस्याला बाधते, म्हणून ते ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत घातले, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलले आणि भिंगाखाली दात कोरायच्या लाकडी काडीने माती सुटी करत राहिलो. सहाव्या आठवड्यात मान मागे वळवून पिलाला चाटणारे एक जनावर दिसू लागले आणि त्याच्यावर दोन ठिपके. जमिनीच्या दानाची नोंद कोरलेल्या दानशिलांवरचे गाय-वासरू आणि चंद्र-सूर्य पाहून तयार झालेल्या माझ्या नजरेने ती गायच ठरवून टाकली. पुढे पोटाखालची माती निघाली, तेव्हा तिथे वासरू नव्हतेच. दोन मानवी बालके दूध पीत होती. ती रोमन दंतकथेतल्या रोम्युलस आणि रेमस या जुळ्यांना, म्हणजे रोमच्या संस्थापकांना, पाजणारी लांडगीण होती, आणि ठिपके म्हणजे तारे, ज्यांचा संबंध सहसा ग्रीक-रोमन पुराणकथांतल्या कॅस्टर आणि पोलक्स या दुसऱ्या जुळ्यांशी जोडतात.

दर्शनी बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि ‘ऊर्ब्स रोमा’, म्हणजे रोम नगरी, एवढीच अक्षरे आहेत. सम्राटाचे नाव नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनने ११ मे इ.स. ३३० रोजी बॉस्फरस सामुद्रधुनीकाठच्या कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) या नव्या राजधानीचे लोकार्पण केले, त्याच सुमारास ही नाणी निघू लागली. त्यांच्या जोडीच्या नाण्यावर ‘कॉन्स्टँटिनोपोलिस’ अशी अक्षरे आणि जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभी असलेली पंखधारी विजयदेवता असते. थोरलीची समजूत काढून धाकटीला पुढे करावे, तसा हा प्रकार मला वाटतो.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो लांडगिणीच्या पायांखालच्या तीन अक्षरांनी. दिवा अगदी आडवा धरल्यावर ‘टीआर’ लागले, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या ट्रिअर शहराची टांकसाळ. शेवटचे अक्षर ‘पी’ की ‘एस’ यावर दोन संध्याकाळी गेल्या, आणि अखेर तळाचा बाक दिसल्यावर ‘एस’, म्हणजे टांकसाळीचा दुसरा विभाग, हे नक्की झाले. नाणे पूर्ण वाळवून मी त्यावर मेणाचा पातळ हात दिला. शेजारच्या गुलाबी चकतीवर दिवा कितीही आडवा धरला, तरी एकही अक्षर लागत नाही.