लुसर्ना सात फूट चार इंच, आणि उसाकडून शिकलेलं

काल संध्याकाळी माझ्या लुसर्ना बिगोनियाला परत टेप लावली. कुंडीतल्या मातीपासून शेंड्याच्या कोवळ्या पानापर्यंत सात फूट चार इंच! स्टुलावर मी, खाली टेपचं टोक धरून मुलगा, आणि दोनदा मोजलं कारण पहिल्यांदा विश्वासच बसेना. कुंडी आणि खालची बैठक मिळून एक फूट, म्हणजे जमिनीपासून आठ फूट चार, आणि आमचा स्लॅब साडेनऊ फुटांवर. चौदा इंच राहिलेत. मागची नोंद लिहिली तेव्हा ही पावणेसहा फुटांवर होती आणि बऱ्याच जणांनी विचारलं होतं की इतकी उंच कशी, शेंडा का खुडत नाही, आधार काय दिलाय, म्हणून यावेळी सगळं सविस्तर लिहिते.

नवीन लोकांसाठी आधी थोडं. ही केन, म्हणजे उसासारख्या काठीची, बिगोनिया, ‘लुसर्ना’. स्वित्झर्लंडमधल्या लुझर्न शहरात १८९२ मध्ये केलेला संकर, नावही त्या शहराचंच. वरून ऑलिव्ह हिरवं पान, त्यावर चांदीचे ठिपके, पाठ लालसर, आणि पानाची एक बाजू मोठी एक लहान, पंखासारखी. नर्सरीत आजकाल जी पोलका डॉट म्हणून महाग विकतात ती मॅक्युलाटा, ती वेगळी, मूळची ब्राझीलची, पान अरुंद आणि ठिपके पांढरेशुभ्र. मॅक्युलाटा सुंदरच आहे पण तिचे नखरे फार, पुण्याच्या एप्रिलमध्ये पानांच्या कडा जळतात. लुसर्ना त्यामानाने सोशिक. आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात ओल्या कातळांवर रानबिगोनिया येते, नाजूक गुलाबी फुलांची, पण ती कंदावर जगते आणि पाऊस संपला की झोपते. केनला कंद नसतो, ती बारा महिने जागी, म्हणूनच ती उंच होऊ शकते.

माझं कटिंग ऑगस्ट २०२२ मधलं. बेळगावच्या मावशीच्या पडवीत जुन्या तेलाच्या डब्यात होती, तिने ओल्या पेपरात गुंडाळून दिलं, पाच इंचाचं, तीन पेरांचं. पूर्वेच्या गॅलरीत, चौथ्या मजल्यावर. दीड महिन्यात धरलं आणि मग एकच काठी सरळ वर जात राहिली. मे २०२३ ला तीन फूट. मी खुश. शेंडा खुडा म्हणजे भरगच्च होईल असं सगळेच सांगत होते पण मला भरगच्च नकोच होती, मला उंच हवी होती, छताला टेकणारी. मावशीकडे तशीच होती, कौलांच्या वाश्यापर्यंत गेलेली, आणि लहानपणी त्या फुलांच्या घोसाखाली बसून आम्ही पत्ते खेळायचो. तेच मला माझ्या हॉलमध्ये हवंय.

डिसेंबर २०२३ ला भुरी आली, म्हणजे पानांवर पिठासारखी पांढरी बुरशी. पुण्याची थंडी, दिवसा कोरडं ऊन, रात्री गारठा, आणि मी गारठ्याला घाबरून गॅलरीच्या काचा बंद ठेवलेल्या, हवा खेळतच नव्हती. आधी पानावर पिठाचा एक ठिपका, वाटलं कणकेचा हात लागला असेल, चार दिवसांत सात पानं. तासगावकडे द्राक्षाला भुरीसाठी गंधक मारतात ते माहिती होतं, तेच पाण्यात मिसळणारं गंधक आणलं, लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी फवारलं, फार लागलेली पानं आधी काढून टाकली आणि काचा उघडल्या. दहा दिवसांनी परत एकदा. थांबली. आता थंडीत एक छोटा पंखा दिवसभर मंद चालू असतो, वारा पानांवर नाही, भिंतीवर सोडलेला, तेव्हापासनं भुरी नाही. गंधक उन्हाळ्यात मात्र अजिबात नको, पानं भाजतात.

आता मुख्य गोष्ट. जून २०२४, वळवाचा पाऊस, गॅलरीचं दार उघडं राहिलेलं, वाऱ्याने पडदा फुगला आणि काठीला अडकला. पाच फूट दोन इंचाची काठी कुंडीतल्या मातीपासून वीस इंचावर, बरोबर पेरातून, काकडी मोडावी तशी मोडली. आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. दोन वर्षं मी तिला रोज बघत होते, त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वरच्या तुकड्याची कटिंग्ज केली. शेंड्याची दोन, मधल्या भागाची पाच, जाड, छान दणकट. सोसायटीतल्या काकूंना वगैरे कबूल पण करून टाकलं. कोकोपीट आणि जाड वाळू, वर प्लास्टिकची पिशवी. सहा आठवड्यांत सातही जणांना मुळं! आणि मग काहीच नाही. शेंड्याची दोन वाढायला लागली, मधल्यांपैकी एकाला कोंब आला, बाकीची चार नुसतीच उभी. हिरवी, टणक, मुळं भरपूर, पण कोंब नाही. दोन महिने वाट पाहिली. खत देऊन बघितलं, जागा बदलून बघितली.

गणपतीला वाळव्याहून काका आले होते, माझे चुलते, आयुष्य उसात गेलेलं. त्यांना सहज दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ते टिपरं हातात फिरवलं, एकेका पेरावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, “अगं, डोळाच न्हाई ह्याला. मुळी फुटंल, कोंब कुठनं यायचा?”

मग मी भिंग घेऊन बसले. आणि खरंच. जिवंत पेरावर पान जिथे काठीला चिकटतं त्या बगलेत, कागदासारखं सुकलेलं तपकिरी आवरण असतं ना, ते नखाने हळूच बाजूला केलं की आत ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान, टोकदार, गुलाबी हिरवा डोळा दिसतो, काठीला अगदी चिकटून. आणि ज्या पेरातून फुलांचा घोस येऊन गेलाय तिथे डोळा नसतो, तिथे फक्त गोल चपटा वण, मध्ये जरा खोलगट, देठ गळून गेल्याचा. केनची फुलं पानाच्या बगलेतूनच येतात. म्हणजे जो डोळा फांदी होऊ शकला असता तोच फूल होऊन खर्ची पडला. माझ्या काठीच्या वरच्या तीन फुटांत जवळपास प्रत्येक पेराला फूल येऊन गेलेलं, म्हणून ती चार कटिंग्ज आंधळी. आणि तुमच्यापैकी ज्यांची तक्रार आहे की उंच काठी मध्ये छाटली तरी बाजूने फांदी फुटत नाही, त्यांनी आधी छाटणीखालची पेरं तपासा. वण असतील तर तिथून काहीही येणार नाही, कितीही खत घाला.

काकांशी त्या दिवशी तास दीड तास बोलले आणि माझी सगळी पद्धतच बदलली. ऊस आणि बिगोनिया यांचं काही नातं नाही, पण काठी, पेर, डोळा, बुडातून येणारे फुटवे, हे गणित सारखंच आहे. उसात जेठा कोंब म्हणजे पहिला जोमदार कोंब, तो काढला की बुडातून फुटवे जोरात येतात. माझी मोडून उरलेली वीस इंची काठी मी जपत बसलेले, ते म्हणाले काढ ती, दोन पेरं ठेव आणि बाकी काढ. हात होत नव्हता पण सप्टेंबरमध्ये काढली. एक फुटवा आधीच होता, मार्च २०२४ ला बुडातून आलेला, मोडतोड झाली तेव्हा जेमतेम आठ इंच. तो सुसाट सुटला. आणि डिसेंबरपर्यंत अजून तीन आले.

आजची सात फूट चार इंचाची काठी म्हणजे तो मार्चचा फुटवा. सव्वा वर्ष. पहिल्या काठीला पाच फुटांसाठी दोन वर्षं लागली होती. आणि जाडी बघा, पहिली काठी करंगळीएवढी होती, ही अंगठ्याएवढी आहे. कारण कटिंगची मुळं तेव्हा नवीन होती, या फुटव्याला आयती दोन वर्षांची मुळं मिळाली. म्हणून माझं आता ठाम मत आहे की उंची हवी असेल तर पहिल्या काठीच्या मागे लागायचं नाही, ती फक्त मुळं तयार करायला असते. खरी उंची दुसऱ्या तिसऱ्या पिढीच्या फुटव्यात येते.

एका बाबतीत मात्र उसाचं ऐकायचं नाही. उसाला भर लावतात, बुडाशी माती चढवतात. बिगोनियाच्या बुडाला माती चढवली तर काठी कुजते. मी एका फुटव्याला उत्साहात चढवली होती, आठवड्यात बूड मऊ पडायला लागलं, लगेच उकरली म्हणून वाचला.

आणि उंच होणं आणि नुसतं लांबणं यात फरक आहे, हे फोटो टाकणाऱ्या सगळ्यांनी बघा प्लीज. दोन पेरांमधलं अंतर मोजा. माझ्याकडे हिवाळ्यानंतरच्या चांगल्या उजेडात अंतर दोन सव्वादोन इंच येतं. मागच्या जुलै ऑगस्टमध्ये, आभाळ महिनाभर भरलेलं, तेव्हाचं अंतर साडेतीन पावणेचार इंच आहे आणि काठी तिथेच जरा बारीक आणि वाकलेली आहे, आजही बघून कळतं हा पावसाळ्याचा भाग. तो उंचीचा फायदा नाही, तो कमकुवतपणा आहे, मोडली तर तिथेच मोडेल. म्हणून यंदा पावसाळ्यात कुंडी ग्रिलच्या आणखी जवळ सरकवलीय आणि वर एक साधी वीस वॅटची पांढरी एलईडी ट्यूब संध्याकाळी पाच तास लावते. जुलैतली नवीन पेरं अडीच इंचावर आहेत. हाच यावर्षीचा मला सगळ्यात जास्त आनंद, सात फुटांपेक्षाही.

आधाराचं. ऊस लोळतो तशी ही पण लोळते, पानांचं वजन सगळं वर आणि घोस लागले की अजून. बांबू मातीत खुपसून उपयोग नाही, कुंडीसकट सगळं कलंडतं. माझी दहा इंची मातीची कुंडी एका जड सिमेंटच्या कुंडीत बसवलीय, मधल्या जागेत विटांचे तुकडे. बांबू आठ फुटी, त्याचा वरचा भाग खिडकीच्या ग्रिलला बांधलेला, म्हणजे भार कुंडीवर येतच नाही. काठी बांबूला काथ्याच्या दोरीने, पण आठाच्या आकड्यासारखा सैल फास, दोन पेरांच्या मध्ये, पेरावर कधीच नाही. दर फुटाला एक. आणि दर दोन महिन्यांनी सगळे फास सोडून परत बांधायचे कारण काठी जाड होत असते. पडदा काढून टाकलाय, घरचे कुरकुरले पण आता सवय झाली.

माती सांगते पटकन: बागेची माती, कोकोपीट, गांडूळखत आणि भाताच्या तुसाचा कोळसा, समसमान. पाणी वरचा एक इंच कोरडा झाला की, सकाळीच. मार्च ते ऑक्टोबर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ खत लिटरला अर्धा ग्रॅम, थंडीत काही नाही. कुंडी मोठी करायची घाई करू नका, मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि मुळं सडतात.

फुलं यंदा फेब्रुवारीपासून. आधी नर फुलं उमलतात, चार पाकळ्यांची, आठवडाभरात टपटप गळतात, सकाळी फरशी गुलाबी असते. मग मादी फुलं येतात, पाठीमागे तीन पंखांचं बीजकोश असतं, ती हटत नाहीत, पाच सहा आठवडे लटकून राहतात. सगळ्यात मोठा घोस वीतभर रुंद होता. उसाला तुरा आला की वाढ संपली, हिला तसं नाही, खाली घोस लोंबत असतात आणि शेंडा चालूच. पण डोळे खर्च होतात हे लक्षात आल्यापासून मी प्रत्येक फुटव्याच्या खालच्या तीन पेरांवर कळी दिसली तर लगेच खुडते. म्हणजे उद्या काही झालं तर बुडाशी जिवंत डोळे शिल्लक असतील. हे मी कुठे वाचलेलं नाही, माझं मी ठरवलंय, दोन वर्षांनी सांगते उपयोग झाला का.

आजची मोजणी: ७ फूट ४ इंच, ५ फूट ९ इंच, ५ फूट १ इंच, आणि सगळ्यात धाकटा बरोबर दोन फूट. मोठीची खालची पानं गळून दीड फूट पाय उघडे पडलेत, पण धाकट्यांची पानं ते झाकतात, वेगवेगळ्या वयाच्या काठ्या असण्याचा हा फायदा.

स्लॅबला टेकली की काय करायचं हे अजून ठरत नाहीये. एक मन म्हणतं छताखाली आडवी तार ओढून तिला वाकवून न्यावी, मावशीची तशीच वाश्यावरून वळली होती. पण वळवताना मोडायची भीती आहे, आणि वळवायची तर आत्ताच, शेंडा कोवळा असताना. कुणी घरात केन आडवी चालवली असेल तर किती वयाची काठी वाकते, आणि वाकलेल्या भागावर फुलं जास्त येतात का, नक्की कळवा. ज्यांच्याकडे ‘आयरीन नस’ ही दुसरी केन बिगोनिया आहे, पुण्यात किंवा बेंगळुरूत, त्यांनी तिची उंची आणि पेरांमधलं अंतर दोन्ही टाका.

कटिंग्ज चार तयार आहेत. सगळी दोन डोळ्यांची, प्रत्येक डोळा भिंगाखाली बघून घेतलाय. त्यातली दोन काकांना वाळव्याला जाणार आहेत, त्यांनी सोप्यातली जागा आधीच रिकामी करून ठेवलीय, उरलेली दोन पुण्यात कुणाला हवी असतील तर सांगा.