कुबड्यांपासून खुब्यापर्यंत : आमची वाटचाल

वडिलांचं बेळगावच्या खडेबाजारात सर्जिकलचं लहानसं दुकान होतं. कमरेचे पट्टे, शेकायच्या पिशव्या, कुबड्या, वॉकर. मी बसायला लागलो तेव्हा प्लेटा आणि स्क्रू आणले, कारण हायवेवरच्या अपघातांमुळे हाडांच्या दवाखान्यांतून रोजच मागणी असायची. पुढे गुडघ्याची दुर्बिणीची ऑपरेशनं वाढली, मग खांद्याची. खुबा सगळ्यांत शेवटी आला.

खुब्याला बाहेरून हात लावला की जे हाड लागतं, त्यावर ग्लुटियस मीडियस आणि मिनिमस या स्नायूंचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, चिकटलेले असतात. एका पायावर भार आला की कंबर कलू न देणं हे त्यांचं काम. ते झिजून फाटतात, आणि हे चाळिशी-पन्नाशीपुढच्या बायकांत जास्त. त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना नकोसा होतो, चालताना कंबर लचकते. पेशंटला एका पायावर उभं करून हे बघायची पद्धत जर्मन सर्जन ट्रेंडेलनबर्ग यांनी १८९५ मध्ये मांडली, तरी आजही कितीतरी जणी 'सायटिका' किंवा 'सांध्याची झीज' म्हणून गोळ्या खात वर्षं काढतात. एमआरआय झाल्यावर मग उलगडा.

ऑपरेशन खांद्याच्याच घराण्यातलं. सेंटिमीटरभराची दोन-तीन भोकं, एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून हत्यारं. सुजलेली बर्सा, म्हणजे घर्षण कमी करणारी पातळ पिशवी, काढायची, हाड खरवडून ताजं करायचं, त्यात अँकर, म्हणजे धागे ओवलेला बारीक खिळा, बसवायचा आणि त्याच्या धाग्यांनी टेंडन हाडाला परत बांधायचा. खांद्याचे अँकर आमच्याकडे होतेच. लांब हत्यारं तेवढी नव्यानं घ्यावी लागली, कारण इथं चरबीच्या थरातून खोल जायचं असतं.

यातला धंदा बाहेरून दिसतो तसा नाही. लागणार दोन ते चार अँकर, पण न्यायचे त्याच्या कितीतरी पट, कारण हाड किती ठिसूळ आहे हे आत गेल्यावरच कळतं. बिल फक्त उघडलेल्या पाकिटाचं. बाकीचा माल परत येतो आणि प्रत्येक पाकिटावर एक्स्पायरी छापलेली. खुब्याच्या केसेस आपल्या भागात मोजक्याच, त्यामुळे पैसा रॅकवर बसून राहतो. कंपनीचा माणूस टार्गेट विचारतो तेव्हा मी त्याला चहा पाजतो. बहुतेकांचं दुखणं व्यायाम, वजन आणि फार तर एखाद्या इंजेक्शननं आवरतं. ज्यांचं महिनोन् महिने आवरत नाही त्यांनाच ऑपरेशन. आणि फाटून मागं सरकलेल्या टेंडनच्या स्नायूत चरबी भरली असेल, तर डॉक्टर उघडूनच करतात किंवा शेजारचा स्नायू वळवतात. तिथं दुर्बिणीचा हट्ट कुणी धरू नये.

२०१७ च्या मेडिकल डिव्हाइस नियमांनंतर कागदपत्रं वाढली. त्याच साली जीएसटीही आला. असो.

खरी मेहनत ऑपरेशननंतरची. साधारण सहा आठवडे कुबड्या, पायावर अर्धवट भार, मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही. निपाणीकडच्या एका अक्कांचा सगळा दिवस जमिनीवर बसून विड्या वळण्यात जायचा. त्यांना हे सांगणं सोपं, पाळणं अवघड. खानापूरच्या खेड्यांत तर संडासच देशी. तेव्हा उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेटरला गाठलं आणि देशी संडासावर उभी राहणारी लोखंडी फ्रेम करून घेतली, उंची खालीवर करता येणारी. ती विकत घ्यायला कुणी तयार नव्हतं. भाड्यानं द्यायला लागलो, तर दोन्ही खुबे बदललेले पेशंटही मागायला लागले. आज भाड्याचं हे खातं अँकरपेक्षा नियमित चालतं, आणि डॉक्टर आमचं नाव सांगतात ते बहुधा यामुळेच.

सोबत सूचनांचा कागद मराठी आणि कन्नड, दोन्हींत देतो. ऑपरेशनची तारीख ठरली की फ्रेम आधीच घरी न्या आणि एकदा बसून बघा. उंची कमी-जास्त वाटली तर पेशंट दवाखान्यात असेपर्यंत आमचा पोरगा येऊन लावून देतो. अनामत रक्कम फ्रेम परत आली की त्याच दिवशी मिळते.