आमची वाटचाल : शिरोलीच्या भट्टीपासून

आमचं पहिलं काम ओळखीतून मिळालं. शिरोली एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटची, म्हणजे धातूचे भाग तापवून-थंड करून हवा तो कडकपणा आणायची एक शेड, चार भट्ट्या. दर अर्ध्या तासाला तापमान वहीत लिहायचा नियम होता; लिहिलं जायचं मात्र बऱ्याचदा शिफ्ट सुटताना, एकदमच. ऑडिटला आलेल्या गिऱ्हाइकानं कॉम्प्युटरवरचा आलेख मागितला. आम्ही दोघे भाऊ तोवर फक्त पॅनेल वायरिंग करायचो. ‘होतंय की’ म्हणून बसलो.

नेटवर्क केबलवर चालणारे चार डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारे डबे आणले. सॉफ्टवेअर टाकलं, केबल जोडली, दिवे लुकलुकले, पण कॉम्प्युटरला काहीच दिसेना. केबली बदलण्यात अर्धा दिवस गेला. लॉगर कारखान्यातूनच १९२.१६८.१.५० हा नेटवर्कचा पत्ता घेऊन आलेला, आणि ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.० वालं. पत्त्याचा कुठला भाग गल्लीचा ते ठरवणारा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, म्हणजे पहिले तीन आकडे गल्लीचे, आणि दोघांच्या गल्ल्याच वेगळ्या. लॅपटॉपला हातानं १९२.१६८.१.१० दिला आणि लॉगर दिसला. बाकीचे जोडले तर सगळाच घोळ, कारण चौघांचा पत्ता एकच! मग एकेक जोडायचा, पत्ता बदलायचा आणि मार्करनं पॅनेलच्या दारावर लिहायचा.

खरी फजिती पुढे झाली. सकाळी भट्टी थंड असताना रीडिंग चोख होतं. दुपारी भट्टीचा स्वतःचा कंट्रोलर ८५० अंश दाखवतोय, आमचा आलेख ७७० वर. आम्ही सॉफ्टवेअर उसकटत बसलो. भट्टीवरचे मामा आत डोकावून म्हणाले, “साहेब, रंग बघा की! ७७० ची भट्टी हाय व्हय ही?”

चूक केबलीत होती. भट्टीतलं तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे के टाइप थर्मोकपल; त्याच्यापासून पॅनेलपर्यंत येणारी खास कॉम्पेन्सेटिंग केबल अमेरिकन रंगाची होती. त्यात पिवळी तार धन आणि लाल ऋण. आमचा हात लहानपणापासून लाल म्हणजे प्लस असाच वळलेला. दोन्ही टोकांना उलटी जोडली, म्हणजे उलट्याचं पुन्हा उलट, त्यामुळे भट्टी तापली की आकडा वर जायचा आणि कुणाला शंका यायची नाही. पण थर्मोकपलचं डोकं, म्हणजे भट्टीबाहेर केबल जोडायची जागा, ७० अंशांवर आणि पॅनेल ३० वर असलं, की त्या ४० अंशांची दुप्पट रीडिंगमधून कमी होते. थंड भट्टीला डोकं आणि पॅनेल सारख्याच तापमानाला, म्हणून सकाळी सगळं बरोबर. तारा फिरवल्या, आलेख ८५० वर येऊन बसला. मामांनी तंबाखू मळत नुसती मान हलवली.

त्यानंतर गोकुळ शिरगाव, कागल, कुपवाड अशी कामं मिळत गेली. आज आम्ही सहाजण आहोत. आलेख काढणारी पोरं आमच्यापेक्षा हुशार आहेत. पण नवीन पोराला पहिला महिना लॅपटॉप मिळत नाही, स्क्रू-ड्रायव्हर आणि मल्टिमीटर मिळतो. आणि कमिशनिंगची, म्हणजे काम चालू करून दिल्याची सही भट्टी पूर्ण तापल्याशिवाय घेत नाही. गिऱ्हाईक कुरकुरतं, तोवर चहा दोनदा होतो.