चिखलाचे टायर आणि माझी वही

टायर बदलायचा विषय निघाला की आमचे धाकटे भावोजी मोबाइल पुढे करतात. कुठल्यातरी कातळावर चढलेली जीप, टायरला हाताएवढे दात, वर लाल दिवे. "वहिनी, असे घेऊ या."

आमचा धंदा जनरेटर भाड्याने द्यायचा. कळव्याला खारेगावच्या बाजूला पत्र्याची शेड आहे. घोडबंदर रोडवरचे मालिकांचे सेट, भिवंडीची गोदामं, मुरबाड-शहापूरकडच्या फार्महाऊसवरचे साखरपुडे आणि वाढदिवस ही आमची गिऱ्हाइकं. दहीहंडी आणि गणपती हे कमाईचे दिवस, पण ते सगळं डांबरावर. हे गेल्यापासून हिशेब मी बघते, गाड्या भावोजी बघतात. टायर हा हिशेबही आणि गाडीही, म्हणून त्याच्यावरून वाद.

ट्रॉलीवरचा 40 केव्हीएचा जनरेटर ओढायला जुनी डबल कॅब पिकअप आहे, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ देता येणारी. मूळ टायर 245/70 आर 16 (रुंदी 245 मिलिमीटर, कडेची उंची तिच्या 70 टक्के, रिम 16 इंची), रस्त्याचे. ते यंदा मार्चमध्ये संपले. संपले म्हणजे खाचेतली झिजेची खूण रबराच्या बरोबरीला आली. भावोजी म्हणाले, अजून एक पावसाळा काढतील. मी गेल्या वर्षीची वही काढली.

जून ते सप्टेंबर 46 खेपा. त्यातल्या 38 खेपांना चाक डांबर किंवा काँक्रीट सोडून खाली उतरलंच नाही. उरल्या आठ. आठपैकी तीनदा गाडी रुतली आणि त्यातली मुरबाडकडच्या टोकावड्याजवळची खेप मी जन्मात विसरणार नाही. फार्महाऊसला जाणारा रस्ता म्हणजे भातखाचरांच्या मधला बांध. संध्याकाळी सातला पाहुणे, साडेपाचला आमची पिकअप धुऱ्यापर्यंत लाल चिखलात. ट्रॅक्टर आला, त्याने 1500 रुपये आधी मोजून घेतले, मग दोर बांधला. दिवे लागायला पावणेआठ झाले आणि मालकाने भाड्यातले पाच हजार कापले. मी असते तर मीही कापले असते.

म्हणजे मड टेरेन, भावोजींचे ते चिखलाचे टायर, हवेत की नकोत? वही म्हणते 46 मध्ये 8. पैसे म्हणतात, आम्ही बुडतो ते त्या आठांतच. डांबरावर उशीर झाला तर लोक ट्रॅफिकला शिव्या देतात, चिखलात झाला तर आम्हाला.

दात मोठे, दातांमधल्या खाचा रुंद, कडेलाही गुठळ्या, ही या टायरची सगळी करामत. चाक फिरताना खाचेतला चिखल बाहेर फेकला जातो आणि पुढच्या फेरीला दात पुन्हा मोकळा मिळतो. रस्त्याच्या टायरची बारीक खाच चिखलाने लिंपली की तो टायर उरतच नाही, कुंभाराच्या चाकावरचा गोळा होतो. पण हाच मोठा दात डांबरावर वळवळतो. मागे पावणेदोन टन ओढताना ते जास्तच जाणवतं, कारण ट्रॉली जरा हलली की गाडीचं मागचं अंग दातांवर डुलतं. ओल्या रस्त्यावर जमिनीला टेकणारं रबर कमी आणि बारीक चिराही कमी, म्हणून ब्रेक लांब लागतो. आवाज वेगळाच. साठच्या पुढे गेलं की गाडीखाली भुंगा अडकल्यासारखा. डिझेलही जास्त पितात.

ठाणे-बेलापूर रोडला टायरवाल्याकडे गेलो. शेठनी पहिल्यांदा भावोजींच्या मनातलाच टायर काढला. दात बघून भावोजींचे डोळे लकाकले आणि किंमत ऐकून माझेही. मी खाली वाकून कडेचे आकडे वाचले. भार निर्देशांक 107, म्हणजे एका टायरला 975 किलो. आमच्या मूळ टायरवर 111 होतं, म्हणजे 1090. चिखलाचा म्हणून दिसायला राक्षस आणि ओझं मूळ टायरपेक्षा कमी! शिवाय बनवल्याची तारीख सांगणारे चार आकडे, 3519. 2019 सालचा 35वा आठवडा.

"शेठ, हा माल किती जुना?"

"ताई, गोडाऊनमध्ये ठेवलेला टायर जुना नसतो होत."

मी काही बोलले नाही. भावोजींनी हळूच टायर परत लावला.

आधीच्याच आठवड्यात मी वजनकाट्यावर जाऊन आले होते. केबलचे बंडल (साडेतीन कोरची, मरणाची जड), डिझेलचे कॅन, तीन माणसं आणि ट्रॉली अडकवून फक्त पिकअपची मागची चाकं काट्यावर घेतली. 1690 किलो. एका चाकावर साधारण 845. 975 मध्ये कागदावर बसतं. पण कागदावर खड्डे नसतात. मुंब्रा बायपासवर ट्रॉलीचं नाक, म्हणजे गाडीला अडकवायचं पुढचं टोक, खाली आपटतं तेव्हा ते 845 कुठे जातात हे मला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. नाकावरचं वजन ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या दहा-पंधरा टक्के तरी हवंच, नाहीतर ट्रॉली शेपटीसारखी हलते. म्हणजे मागच्या चाकांवरून ते काढताही येत नाही.

मग भावोजींनी दुसरा डाव टाकला, 265/75 आर 16. त्यांच्या मित्राच्या गाडीला आहेत. मी तिथेच गणित केलं. मूळ चाकाची उंची 749 मिलिमीटर, याची 804. सात टक्क्यांनी मोठं चाक म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये ओढ तेवढीच कमी. रिकामी गाडी फिरवणाऱ्याला चालेल. माळशेज घाटात मागे ट्रॉली असताना त्याची किंमत क्लच देतो. वर स्पीडोमीटर साठ दाखवणार आणि गाडी चौसष्टने पळणार. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम 52, आणि मूळ रचनेत मनासारखे फेरफार चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 च्या जानेवारीत सांगितलेलंच आहे. उद्या काही झालं तर विमावाला आधी चाकाकडे बोट दाखवेल.

"बरं, मग मागचे दोनच घेऊ. पुढचे रस्त्याचे," भावोजी म्हणाले. हा मला आधी पटलेला मार्ग होता, खरं सांगते. निम्मा खर्च! आमच्या ड्रायव्हर काकांनी तो मोडून काढला. चिखलात फोर बाय फोर टाकल्यावर पुढचा आणि मागचा धुरा एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. चाकांची उंची वेगळी असली की एकाला दुसऱ्यामागे फरफटावं लागतं आणि तो ताण गिअरच्या पेटीवर येतो. म्हणून चारही सारखे. स्टेपनीही त्याच मापाची, म्हणजे पाच. काका आठवी शिकलेत, पण त्यांनी हे दोन बाटल्यांची झाकणं टेबलावर फिरवून समजावलं.

शेवटी तिसऱ्या दुकानात मड टेरेनच, पण एलटी (लाइट ट्रक, हलक्या मालगाडीचे) 245/75 आर 16 मिळाले. निर्देशांक 120/116 (दुसरा आकडा जोडचाकांचा), लोड रेंज ई, दहा प्लाय, म्हणजे दहा थरांच्या ताकदीचे. एकेरी चाकाला 1400 किलो. उंची 774, म्हणजे मूळपेक्षा तीन टक्क्यांच्या आसपास जास्त. बसवण्याआधी विम्याच्या एजंटकडून लेखी उत्तर घेतलं, कारण हेही मूळ माप नाही. किंमत लिहीत नाही. अजून सासूबाईंना पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

एक गोष्ट मात्र कोणत्याच दुकानात आपणहून सांगितली नाही. 1400 किलो हा आकडा 80 पीएसआय हवेवरचा आहे. जाड टायर म्हणून तो कमी हवेत जास्त ओझं उचलतो असं मुळीच नाही. तेवढंच ओझं उचलायला साध्या टायरपेक्षा त्याला हवा जास्तच लागते. हवावाला पोरगा दाराच्या पट्टीवरचा आकडा बघून 35 भरून मोकळा होतो. ट्रॉली असेल तेव्हा आम्ही मागे 50 ठेवतो. रिकामी आणताना कमी, नाहीतर पाठीचा भुगा होतो. चिखलात उतरण्याआधी काका थोडी हवा सोडतात आणि वर आल्यावर बॅटरीवरच्या कंप्रेसरने भरतात. भरायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात त्यांची विडी होते.

दात झिजतात तेही सरळ नाही. एका बाजूने उतरती कडा होते, करवतीसारखी, आणि हाताला लगेच कळते. दर पाच हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल, वहीत तारीख घालून.

आणि वर्षभर हे टायर वापरायचे नाहीत हे माझं ठरलेलं. 38 खेपा डांबराच्या आहेत, आठ महिने कोरडे आहेत. सेकंडहँड चार लोखंडी रिम घेतल्या आणि त्यांच्यावर त्याच मापाचे ऑल टेरेन (एटी, रस्ता आणि कच्चा दोन्हीला चालणारे) चढवले. जून ते ऑक्टोबर मड, बाकी वर्ष एटी. दोन्ही संच निम्माच वेळ झिजणार, म्हणून पैसे फार जास्त जात नाहीत. न वापरलेला संच मात्र जनरेटरच्या शेडमध्ये ठेवायचा नाही. विजेच्या मोटारींजवळ ओझोन तयार होतो आणि रबराला चिरा पाडतो. आमच्याकडे तर मोटारी आणि अल्टरनेटर हाच संसार. टायर सध्या माझ्या घराच्या पोटमाळ्यावर काळ्या कापडाखाली आहेत आणि पाहुण्यांना वाटतं मी तिथे म्हैस ठेवली आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली परीक्षा झाली. पुन्हा टोकावड्याकडचंच, पण दुसरं फार्महाऊस. मी शेडमध्ये बसून फोनकडे बघत होते. सव्वाचारला वाजला.

"वहिनी, गाडी निघाली. एक नंबर! जरासुद्धा अडकली नाही."

"आणि ट्रॉली?"

पलीकडे पाऊस ऐकू आला.

"ट्रॉली आहे तिथेच आहे."

ट्रॉलीची चाकं. जुन्या जीपची, अरुंद, रेषारेषांची, वर्षानुवर्षं कुणी वाकून न बघितलेली. पावणेदोन टनांतलं बरंचसं त्याच दोन चाकांवर आणि ती सुरीसारखी मातीत शिरली होती. काकांनी ट्रॉली सोडली, पिकअप पुढे कडक जागेवर नेऊन उभी केली, चाकांखाली फळ्या सरकवल्या आणि लांब दोराने हळूहळू ओढून काढली. या वेळी ट्रॅक्टर लागला नाही. दिवे साडेसहाला लागले, मालकाने पूर्ण पैसे दिले.

काल रबाळ्याच्या फॅब्रिकेटरकडे जाऊन आले. ट्रॉलीचे हब (रिम जिथे बोल्टने बसते तो भाग) सहा बोल्टचे, पिकअपच्याच मापाचे करून देतो म्हणाला, म्हणजे त्या रिम इथेही बसतील आणि स्टेपनी एकच पुरेल. रुंदीचा प्रश्न मडगार्ड कापून सुटेल. भावोजींनी लगेच मोबाइल काढला, ट्रॉलीलाही मड टेरेन दाखवायला. ओढल्या जाणाऱ्या चाकाला दात काय कामाचे, त्याला रुंदी हवी, असं काका म्हणाले आणि टेबलावरची झाकणं शोधायला लागले.