रविवारच्या बाटल्या

समोरच्या घरातली मुलगी लग्न होऊन जर्मनीला चालली आहे आणि गेले पंधरा दिवस आमच्या रामबागेतल्या गल्लीला तिच्या दोन बॅगांशिवाय दुसरा विषय नाही. कुकर न्यावा की तिकडे घ्यावा, साबुदाणा मिळतो का, पुरणयंत्र लागेल का. तिची आत्या रोज वजनकाटा मांडून बसते, शेवेचं पाकीट काढून लोणच्याची बरणी ठेवते आणि दुसऱ्या दिवशी बरणी काढून पाकीट ठेवते. मी चार वर्षं लाइपझिगला राहून आलेली, त्यामुळे वाद मिटला नाही की प्रकरण माझ्याकडे येतं. परवा ती स्वतःच यादी घेऊन आली. जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आमचा इंदुरी मसाला), हळद, तापाच्या गोळ्या, लोकरीचे मोजे, सगळ्यावर खुणा करून झाल्या. मग दारात चप्पल सरकवता सरकवता म्हणाली, "काकू, आणि तिथे बोर होऊन राहिलं तर?"

(आम्ही इंदूरचे असंच बोलतो. पुण्याचे नातेवाईक 'होऊन राहिलं' ऐकून गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे.)

"होईलच," मी म्हटलं. ती हसून गेली. मला मात्र नंतर चुटपुट लागली, कारण तिच्या यादीतला खरा प्रश्न तेवढाच होता आणि नेमकं त्याचंच उत्तर मी दिलं नव्हतं.

मी गेले तेव्हा कंटाळ्याची भीती मला नव्हतीच. उलट हावच होती. शाळेतली नोकरी, घरात सासू-सासरे, येणारे-जाणारे. या सगळ्यात माझा एकही कंटाळा कधी पूर्ण झाला नव्हता. दुपारी अडीचला अंग टेकावं, छताकडे बघत बसावं, आता जरा कंटाळायला सुरुवात होतेय असं वाटावं, तोवर बेल. कधी इस्त्रीवाला. कधी मागच्या आठवड्यात गेलेला डबा परत करायला आलेल्या वहिनी, आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात चार अनारसे. अनारसे आले की चहा आला, चहा आला की त्यांच्या नणंदेचं प्रकरण आलं. पाच वाजले. तेव्हा मी फार वैतागायची.

लाइपझिगला पहिल्या तीन महिन्यांत आमच्या घराची बेल दोनदा वाजली. एकदा पार्सल आलं, ते शेजाऱ्यांचं होतं. दुसऱ्यांदा कुणीतरी चुकून दाबली.

आम्ही पोचलो नोव्हेंबरात. नवरा साडेसातला घराबाहेर पडे तेव्हा अंधार आणि परत येई तेव्हाही अंधार. डिसेंबरात तर तिथे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. मधला जो काही दिवस असे तो राखाडी, ओला आणि अतिविलंबित. आमच्या इंदूरचे गवई उस्ताद अमीर खाँसाहेब, त्यांच्या झूमऱ्यात, त्या संथ तालात, सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा यायला किती वेळ लागतो ते ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे; पण तिथे निदान सम येणार याची खात्री असते.

मग उपाय सुरू झाले. आधी घर पुसलं, मग पुसलेलं घर पुन्हा पुसलं. पाककृती करून पाहिल्या, पण दोन माणसांना किती खांडवी लागणार? मालिका पाहिल्या. शेवटी फोन. घड्याळाचा हिशेब असा की थंडीत इंदूर साडेचार तास पुढे. म्हणजे माझ्याकडे दुपारचे साडेचार, खिडकीबाहेर काळोख, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि तिकडे रात्रीचे नऊ, भाऊ स्कूटरला किक मारून सराफ्यात निघालेला. दिवसभर सोनं विकून दुकानांची शटरं पडली की त्यांच्याच पायऱ्यांवर कढया चढतात, भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू म्हणजे तळलेला कंद. तो म्हणे, "ताई, तुला दाखवतो थांब," आणि व्हिडिओ सुरू करी. तळलेल्या गराडूवर जीरावन पडताना मी साडेचार तास मागून बघत बसे. असल्या उपायाने कंटाळा जात नाही, त्याला मीठ-मसाला लागतो.

त्यापेक्षा आईचा उपाय बरा. बोलण्यासारखं काही उरलं नाही की मी तिला म्हणायची, फोन ठेवू नकोस, ओट्यावर नुसता राहू दे. मग कुकरच्या शिट्ट्या, बाबांच्या बातम्या, नळाचं पाणी आणि अधूनमधून कुणीतरी "फोनवर कोण आहे?" विचारणारं. आई म्हणे, "कोणी नाही, ताई आहे." माझं इकडे कांदा चिरणं चाले. बरं वाटे ते.

रविवार मात्र कशानेच सरत नसे. जर्मनीत रविवारी दुकानं बंद हे ऐकून होते, पण सगळं शहर मुकाट कसं होतं ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. भिंतीला भोक पाडायचं नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही. मी ट्राम पकडून सरळ मुख्य स्टेशनात जायची. लाइपझिगचं स्टेशन 1915 मध्ये पुरं झालं, अवाढव्य आहे आणि रूळ तिथेच संपतात. गाडी तोंडाने आत येते आणि जाताना उलटी निघते. तिथली थोडी दुकानं रविवारीही उघडी असत. मला कुठे जायचं नसायचं आणि माझ्याकडे कुणी यायचं नसायचं, पण कॉफीचा कागदी पेला घेऊन फलाटाच्या टोकाशी उभं राहिलं की कुणीतरी कुणालातरी मिठी मारताना दिसे. एकदा एका आजोबांनी नातवाला उचललं आणि टोपी खाली पडली, ती मी उचलून दिली. त्या आठवड्यात नवऱ्याखेरीज माणसाशी झालेला माझा व्यवहार एवढाच.

पुढे भाषेच्या वर्गाला नाव घातलं. या वर्गांच्या संस्थेला ते फोल्क्सहोखशूले म्हणतात. लोकांची शाळा म्हणा. वर्गात एक सीरियाचा दंतवैद्य, दोन व्हिएतनामी बहिणी, एक ब्राझीलची पोरगी आणि बाकावर बसलेली मी, मास्तरीण. एक दिवस शब्द आला 'लांगेवाइले'. कंटाळा. शब्दाची फोड केली तर 'लांब वेळ'. मला तो इतका आवडला की दोन दिवस तोंडात घोळवत होते. पण खरी गंमत क्रियापदात आहे. आपल्याकडे कंटाळा 'येतो', पाहुण्यासारखा, बाहेरून. आपला काय दोष? जर्मनमध्ये 'इश लांगवाइले मिश', म्हणजे मी मला कंटाळवते. आल्या पाहुण्याला निरोप तरी देता येतो, पण करणारीही मी आणि भोगणारीही मीच असेन तर तक्रार कुणाकडे न्यायची? त्यांच्या व्याकरणाने माझी भलतीच पंचाईत केली. त्यांचं बरोबर असेल. मला अजूनही मराठी व्याकरणच खरं वाटतं, कारण माझा कंटाळा गेला तो माझ्या करणीने नाही, बाहेरून कुणीतरी आल्यामुळेच.

म्हणजे असं झालं. मार्चमधला रविवार. लोणच्याच्या आणि टोमॅटोच्या काचेच्या बाटल्या साठल्या होत्या. कोपऱ्यावर काचेचे मोठे डबे असतात. पांढरी, हिरवी, तपकिरी काच वेगवेगळी टाकायची. मी अगदी शिस्तीत रंग बघून टाकत होते आणि तळाशी पडून बाटली खळ्ळकन फुटली की बरं वाटत होतं, निदान काहीतरी वाजलं. चौथ्या बाटलीला मागून आवाज आला. आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजी. हातात पाव, डोळे वटारलेले. त्या अखंड दोन मिनिटं बोलल्या. मला 'रविवार' आणि 'शांतता' एवढे दोनच शब्द लागले, पण सूर पूर्ण ओळखीचा होता. गच्चीत पापड वाळत असताना पतंग उडवणाऱ्या पोरांना माझी आजी ह्याच सुरात बोलायची. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मनातून, खोटं कशाला सांगू, सुखावत होते. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणालातरी मी ओरडण्याइतकी जवळची वाटले होते. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "आज मला खालच्या आजी रागावल्या!" त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पोहे केले. इंदुरी, वाफेवरचे, वर शेव, कांदा आणि पुरवून पुरवून वापरलेलं जीरावन. ताट घेऊन खाली गेले आणि वर्गात पाठ केलेलं माफीचं वाक्य म्हटलं. आजींनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हे दुधात घालून खायचं का?" शेव दुधात पडायच्या आत मी त्यांना थांबवलं.

गुरुवारी आमची बेल वाजली. दारात आजी, हातात माझं ताट आणि ताटात सफरचंदाचा केक. रिकामं परत द्यायचं नाही हे त्यांना कुणी सांगितलं होतं?

पुढची तीन वर्षं या आजींनी मला धड कंटाळू दिलं नाही. शहराच्या कडेला त्यांची बाग होती. बाग म्हणजे बंगल्याची नव्हे. ओळीने आखलेले छोटे तुकडे, प्रत्येकात एक लाकडी खोपी, भोवती कुंपण आणि कारभार बघायला संस्था. श्रेबरगार्टन म्हणतात. या नावाची पहिली संस्था 1864 मध्ये लाइपझिगलाच निघाली. ज्यांचं नाव दिलं ते डॉक्टर श्रेबर त्याआधी तीन वर्षांपूर्वीच वारले होते आणि मुळात ते मुलांचं खेळायचं मैदान होतं. मैदानाच्या कडेला मुलांसाठी वाफे केले, मुलं चार दिवसांत खुरपून कंटाळली आणि वाफे आईबापांच्या गळ्यात पडले. एवढी मोठी परंपरा पोरांच्या कंटाळ्यातून निघाली हे ऐकल्यापासून मला त्या जागेविषयी आपुलकी वाटायला लागली.

तिथे नियमांचं रान आहे. तुकडा 400 चौरस मीटरच्या वर नको, खोपी 24 च्या वर नको, त्यात कायमचा मुक्काम नको, तिसरा हिस्सा तरी भाजी आणि फळांचा हवा, नुसती फुलं लावून आरामखुर्चीत बसायचं नाही. संस्थेची माणसं पाहणीला येत. आजींचे गुडघे गेले होते, त्यामुळे त्यांचा तिसरा हिस्सा भरण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मी स्वयंपाकघरातल्या डब्यातली मेथी पेरली. ती अशी तरारून आली की पाहणीला आलेले गृहस्थ चष्मा वर करून वाकले आणि हे तण की भाजी असा वाद सुरू झाला. आजी माझ्या बाजूने भांडल्या. भाजीच आहे, मी खाल्ली आहे, कडू आहे, पण भाजी आहे. गृहस्थांनी वहीत काय लिहिलं कोण जाणे. मला आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाची वर्गणीची बैठक आठवली, तीच गंभीर तोंडं.

बागेत बसून आजी पूर्व जर्मनीचे दिवस सांगायच्या. तेव्हा रांगा फार असत. संत्री आली म्हटलं की रांग. पण गावची बातमी रांगेतच कळे, म्हणाल्या. एकदा त्यांनी विचारलं, तुम्ही महाराष्ट्रीय, म्हणजे तुमचं घर महाराष्ट्रात? म्हटलं नाही, आम्ही माळव्यात. इंग्रजांशी झालेल्या 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, त्यानंतर केव्हातरी आमचे पूर्वज साताऱ्याकडून कारकुनीला आले आणि राहिले. घरात मराठी, दारात हिंदी. आजींनी बोटांवर वर्षं मोजली. "म्हणजे दोनशे वर्षं परक्या गावात आहात," त्या म्हणाल्या, "मग तुम्हाला तर सवय हवी." यावर मला काही बोलता आलं नाही. साताऱ्याहून बैलगाडीतून आलेली ती पहिली बाई माळव्यातल्या पहिल्या उन्हाळ्यात काय करत बसली असेल, हे माझ्या मनात त्याआधी कधी आलंच नव्हतं. तिलाही कुणी शेजारीण रागावली असेल का?

त्याच सुमाराला आमचं मंडळही निघालं, म्हणजे निघता निघता राहिलं. तिकडे कशाचीही संस्था असते, सशांची, पत्त्यांच्या डावाची, आणि ती नोंदवायला किमान सात सभासद लागतात. आमच्या ओळखीचे मराठी भरले सहा. सातवा म्हणून वडोदऱ्याचा एक गुजराती मुलगा मिळाला, मराठी शेजारात वाढलेला, आमच्यापेक्षा शुद्ध बोलणारा. पण नाव काय ठेवायचं यावर दोन गट पडले आणि नोंदणी बारगळली. गणपती मात्र बसला. भांडण वर्षभर पुरलं. कंटाळ्यावर इतका टिकाऊ इलाज मी दुसरा पाहिला नाही.

असं नाही की कंटाळा संपला. जानेवारी आला की बाग गोठायची, आजी मुलीकडे जायच्या, ट्रामच्या काचांवर तीच ओल. मग मी पुन्हा ओट्यावरच्या फोनला कान लावून कांदा चिरायची. निघायच्या वेळी आजींनी मला काहीच दिलं नाही. माझंच एक ताट त्यांच्याकडे राहिलं होतं, ते परत मागायचं धैर्य मला झालं नाही आणि त्यांनीही विषय काढला नाही.

हे लिहायला घेतलं तेव्हा निघायच्या तयारीत असलेली समोरची मुलगी गेली, त्याला आज तीन आठवडे झाले. शेवटी शेवेचं पाकीटही गेलं आणि बरणीही गेली, कुकर राहिला. काल रात्री तिचा फोन आला, आवाज रडवेला. "काकू, सकाळी व्हॅक्यूम क्लीनर लावला, तर खालच्या बाई वर येऊन किती ओरडल्या! मला एक अक्षर समजलं नाही."

"आज रविवार ना?"

"हो. तर?"

"फार छान झालं," मी म्हटलं. "आता असं कर, उद्या पोहे घेऊन खाली जा. आणि शेव वेगळ्या वाटीत ने, मऊ पडते."